‘रन’ म्हणजे धावणे, मग ‘माय नोज इज रनिंग’ म्हणजे काय?

सर्दी झालीय, नाक वाहतंय, एवढंच! शाळेत ‘रन’ म्हणजे धावणे असं पाठ करून घेतात आणि तिथेच घोटाळा होतो. त्यापेक्षा ‘काहीतरी सतत चालू आहे, पुढे सरकतंय’ ही कल्पना डोक्यात ठेवा. आपल्या नाशिकचंच बघा ना. पंचवटी एक्स्प्रेस धावते, गोदावरी शहरातून वाहते, कुणी मिसळीचं हॉटेल चालवतं, कुणी महापालिकेची निवडणूक लढवतं आणि स्वस्तातल्या साडीचा पहिल्याच धुण्यात रंग जातो. मराठीत पाच क्रियापदं, इंग्रजीत सगळीकडे ‘रन’.

‘रन आउट ऑफ’ हे मात्र वेगळं प्रकरण. साखर, पेट्रोल, पैसे संपले की ते वापरायचं. क्रिकेटमधल्या रनआउटशी त्याचा घोळ घालू नका.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या कामात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पण हसण्याआधी आपलं ‘लागणे’ आठवा: भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, नोकरी लागते आणि मुंबईला निघालं की इगतपुरीनंतर कसारा घाटही लागतो.