गोल्फचं मैदान आणि विमानाचं तिकीट

वाचक विचारतात

मागच्या अंकात गोल्फ कोर्स आर्किटेक्ट या व्यवसायाची ओळख करून दिली होती. मैदानं जगभर विखुरलेली आणि नजर एकाच माणसाची, म्हणून विमानप्रवास हा या कामातला सगळ्यात जड भाग, असं एक वाक्य त्यात होतं. पत्रं आली ती बहुतेक त्याच वाक्यावर. त्यांतले काही प्रश्न आणि आमच्या सल्लागारांची उत्तरं.

नकाशे, लेव्हल, सगळं ऑफिसातून जातं. मग साइटवर इतक्या फेऱ्या कशाला? इमारतीचा आर्किटेक्ट एवढा हिंडत नाही.
– लँडस्केप आर्किटेक्ट, पुणे

इमारतीची भिंत नकाशाप्रमाणे सरळ आली की काम झालं. ग्रीनचा, म्हणजे ध्वजाच्या खड्ड्याभोवतीच्या बारीक गवताच्या जागेचा, उतार नकाशाप्रमाणे येऊनही चुकलेला असू शकतो, कारण तो मागच्या टेकडीशी, बाजूच्या बंकरशी (रेतीच्या खड्ड्याशी), चेंडू कुठून येतो त्याच्याशी जुळायला हवा. तो डोझरवर बसून मातीला आकार देणाऱ्या शेपरच्या हातून आणि आर्किटेक्टच्या डोळ्यासमोरच घडतो. एवढ्यापुरतं जाणं अटळ आहे.

पण खरी मेख फेऱ्यांच्या संख्येत नाही, त्या कोणत्या दिवशी पडतात त्यात आहे. ग्रीनचंच घ्या. अमेरिकेतल्या यूएसजीए या गोल्फ संघटनेने १९६० साली पहिल्यांदा छापलेली आणि वेळोवेळी सुधारलेली पद्धत जगभर वापरतात. तळाची माती अंतिम पातळीच्या साधारण ४०० मिमी खाली कोरून घ्यायची. त्यात चर खणून १०० मिमी व्यासाचे छिद्रांचे पाइप टाकायचे, दोन ओळींत जास्तीत जास्त ५ मीटर अंतर. वर १०० मिमी धुतलेली खडी आणि तिच्यावर ३०० मिमी रेतीचं मिश्रण. मिश्रणातलं पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही, ते मिश्रणाच्या तळाशी धरून राहतं. गवताच्या मुळांना ते तिथूनच मिळतं. ३०० मिमी हा आकडा या हिशेबातून आलेला आहे.

आता समजा, शेपरने तळ सपाटच ठेवला आणि चढउतार वरच्या मिश्रणात काढले. उंचवट्यावर मिश्रण ४०० मिमी, खोलगट जागी २०० मिमी. वरून ग्रीन देखणं दिसतं. उन्हाळ्यात उंचवटे करपतात, कारण पाणी मुळांपासून फार खाली. आणि खोलगट जागा कायम ओल्या राहून शेवाळतात, कारण पाणी पृष्ठभागाच्या फार जवळ. म्हणून तळालाच वरच्यासारखे चढउतार हवेत, २५ मिमीच्या आत-बाहेर. हे तपासायचा दिवस एकच, तळ कोरून झाल्यानंतरचा आणि खडी पडण्याआधीचा. आर्किटेक्ट आठवडाभर उशिरा पोचला तर त्याला फक्त गुळगुळीत रेती दिसते. चूक उघडी करायची तर ५५० चौरस मीटरच्या ग्रीनवरून १६५ घनमीटर मिश्रण उचलावं लागेल, म्हणजे १० घनमीटरच्या डंपरच्या सोळा-सतरा खेपा. तेवढं धाडस कुणी करत नाही. तिकीट, हॉटेल, झोप, सगळं वाया गेलेलं असतं.

आमच्या छोट्या ऑफिसात एकाच वेळी चार कामं चालू असतात. दोन व्हिएतनाममध्ये, एक सौदीत, एक बंगळुरूजवळ. सरांचा महिना विमानतळांवरच जातो. वेळापत्रक बसवायचं कसं?
– ऑफिस व्यवस्थापक, मुंबई

‘दर तीन आठवड्यांनी एक भेट’ हे करारातलं वाक्य आधी काढून टाका. तारखेला बांधलेली भेट हाच मोठा अपव्यय आहे. त्याऐवजी करारात थांबे लिहा: झाडी तोडण्याआधी खेळाच्या मार्गाची मध्यरेषा चालून पाहणं, ढोबळ मातीकाम, ग्रीनचा तळ (खडीच्या आधी), बंकरच्या कडा, मिश्रण पसरून शेवटचा हात फिरताना, गवत लावण्याआधी. प्रत्येक थांब्यावर लेखी ‘पुढे जा’ मिळाल्याशिवाय ठेकेदाराने पुढचा थर टाकायचा नाही. आणि ग्रीनच्या तळासाठी बोलावणं तेव्हाच, जेव्हा निदान तीन-चार तळ कोरून तयार असतील. एका तळासाठी विमानात बसायचं नाही.

दुसरं म्हणजे भेट एका दिवसाची करू नका. सकाळी उतरायचं आणि रात्रीच्या विमानाने परतायचं, यात वेळ वाचल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आर्किटेक्ट म्हणतो, ‘हा उजवा खांदा अर्धा फूट खाली घे,’ आणि निघून जातो. शेपरला ते करायला चार-पाच तास लागतात. केलेलं बघायला आर्किटेक्ट पुढच्या भेटीला येतो आणि तेव्हा पुन्हा तेच सुरू. तीन रात्रींची भेट करा. पहिल्या दिवशी चालणं, दुसऱ्या दिवशी डोझरशेजारी उभं राहणं, तिसऱ्या दिवशी सकाळी तिरप्या उन्हात झालेलं काम पाहणं. फेऱ्यांची संख्या यानेच कमी होते. व्हिएतनामची दोन कामं अर्थातच एका फेरीत घ्या. मात्र त्यासाठी दोन ठेकेदारांची कामं एकाच टप्प्यावर असावी लागतात, आणि ते जमवणं तुमचं काम आहे, सरांचं नव्हे. दर सोमवारी दोन्ही साइटवरून तळांची यादी मागवा: किती कोरले, किती अर्धवट, खडीचे डंपर कधी येणार.

पावसाळ्याचं वेगळं. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर किंवा काळ्या मातीत जून ते सप्टेंबर डोझर हलत नाही, म्हणून भेटी बंद ठेवतात. आमच्या मते त्या काळात एक भेट हवीच, पहिल्या जोरदार पावसात. पाणी नकाशावरच्या बाणांप्रमाणे वाहतं की भलतीकडून, हे त्या दोन दिवसांत कळतं ते नंतर कुठल्याच सर्व्हेत कळत नाही.

ड्रोन आणि व्हिडिओ कॉल आल्यावर प्रवास निम्मा व्हायला हवा होता. का झाला नाही?
– सिव्हिल इंजिनिअर, नाशिक

फेअरवेसाठी, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या लांब गवताळ पट्ट्यासाठी, झालाय. ड्रोनच्या सर्व्हेत उंचीची चूक ३ ते ५ सेंटिमीटर धरा. मातीकामाला ती चालते. ग्रीनच्या तळाला मुभा अडीच सेंटिमीटरची आणि वरच्या थराला त्याच्याही निम्मी. म्हणजे यंत्राची चूकच कामाच्या मुभेपेक्षा मोठी. ग्रीनवर टोटल स्टेशन (कोन आणि अंतर अचूक मोजणारं सर्व्हेचं यंत्र) लावून दोन-दोन मीटरच्या चौकटीत बिंदू घ्यावेत. ५५० चौरस मीटरला साधारण १४० बिंदू होतात, एका सर्व्हेअरचं अर्ध्या दिवसाचं काम. त्यावरून १० सेंटिमीटर अंतराच्या समोच्च रेषा काढून पाठवल्या की ऑफिसात बसून बरंच कळतं. ध्वजाचा खड्डा जिथे घ्यायचा त्या जागी उतार १ ते ३ टक्क्यांत आहे का, ते लगेच मोजता येतं. तीन टक्के म्हणजे दहा मीटरला ३० सेंटिमीटर. त्याहून फार तीव्र झालं आणि गवत बारीक कापलं, की चेंडू थांबतच नाही.

व्हिडिओत उतार चपटा दिसतो, ही सगळ्यांची तक्रार असते. फोन रुंद लेन्सवर ठेवून, भर दुपारी, ग्रीनवरच उभं राहून चित्रण केलं तर दुसरं काय दिसणार? सकाळी सात-साडेसात किंवा संध्याकाळी पाचनंतर, तिरप्या उन्हात घ्या. फोन तिपाईवर, डोळ्याच्या उंचीवर, साधी लेन्स. फेअरवेवर १००-१५० मीटर मागे जा, जिथून खेळाडू मारणार तिथे. ध्वजाच्या जागी एक माणूस लेव्हलचा स्टाफ (उंचीचे आकडे असलेली पट्टी) धरून उभा करा, म्हणजे मोजायला काहीतरी मिळतं. ग्रीनची कड आणि बंकरची कड फक्की मारून दाखवा. एवढं केलं तर तीनांतली एक भेट टळू शकते. उरलेल्या दोन टळत नाहीत.

विमानं नव्हती तेव्हा ही मंडळी काय करत?
– वाचक, सांगली

बोटीने आणि रेल्वेने जात, आणि कमी जात. डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी १९२६ साली बोटीने मेलबर्नला गेले, रॉयल मेलबर्न या गोल्फ क्लबच्या वेस्ट कोर्सची आखणी केली, आणि परत कधी ऑस्ट्रेलियात आले नाहीत. मैदान उभं केलं ते अ‍ॅलेक्स रसेल या स्थानिक खेळाडूने आणि मिक मॉर्कम या ग्रीनकीपरने. १९३१मध्ये खुलं झालेलं ते मैदान आजही जगातल्या उत्तम मैदानांत गणतात. डोनाल्ड रॉस अमेरिकेत कंटूर नकाशांवरून आराखडे काढून पाठवत. त्यांच्या नावावरची कित्येक मैदानं त्यांनी पाहिलेलीही नव्हती. रसेल-मॉर्कमसारखी माणसं मिळाली तिथे निभावलं, नाही मिळाली तिथे नुसतं नाव राहिलं.

याचा आपल्याकडच्या तरुणांशी संबंध आहे. भारतातल्या बऱ्याच गाजलेल्या मैदानांवर परदेशी नावं आहेत. दिल्ली गोल्फ क्लब १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसन यांनी नव्याने आखला, नंतर त्यावर गॅरी प्लेअर यांनी हात फिरवला. अशा प्रत्येक कामाला साइटवर राहणारा सहायक लागतो. पुण्याच्या पत्रलेखकांनी हे लक्षात घ्यावं: या व्यवसायात शिरायची जागा तीच.

मेलबर्नला उतरलं की पहिले दोन दिवस डोकं चालत नाही. लंडनला मात्र एवढा त्रास होत नाही. वयाचा परिणाम?
– आर्किटेक्ट, ठाणे

वयापेक्षा दिशेचा. शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं. त्यामुळे दिवस लांबवणं (पश्चिमेला) सोपं आणि आखडणं (पूर्वेला) अवघड. पूर्वेला ते दिवसाला जेमतेम एक तास सरकतं.

पण तुमच्या बाबतीत बहुधा उजेडही चुकीच्या वेळी मिळतोय. नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात कमी असतं. त्या क्षणानंतर मिळालेला उजेड शरीराचं घड्याळ पुढे नेतो (पूर्वेला हवं तसं), आधी मिळालेला मागे खेचतो. मुंबईत साडेसहाला उठणाऱ्याचा हा क्षण पहाटे चारच्या सुमाराला. मेलबर्नच्या उन्हाळ्यात तिथलं घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणजे तो क्षण तिथल्या सकाळी साडेनऊला येतो. साइट सहाला सुरू होते आणि तुम्ही लख्ख उन्हात साडेतीन तास घड्याळ उलट्या दिशेला ओढत असता. पहिल्या दिवशी साडेनऊ-दहापर्यंत खोलीत राहा किंवा गडद गॉगल लावा, नंतर दुपारपर्यंत भरपूर उन्हात हिंडा. दुसऱ्या दिवशी ही वेळ तासभर अलीकडे घ्या. मेलॅटोनिन (झोपेच्या संप्रेरकाची गोळी) उपयोगी पडतं, पण तिथल्या झोपेच्या वेळेला आणि डॉक्टरांना विचारून.

आणि उतरल्या दिवशी ग्रीनवर निर्णय देऊ नका. त्या दिवशी पाइप, चर, खडीचे ढीग, सिंचनाचे व्हॉल्व्ह बघा. तिथे मोजपट्टी लागते, नजर लागत नाही.

यजमानांचे महिन्यातून तीन-चार लांबचे विमानप्रवास होतात. पाय सुजतात. कुणी म्हणतं, अ‍ॅस्पिरिन घेऊन बसावं.
– एक गृहिणी, कोल्हापूर

स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन नको. दोन्ही पाय सारखे सुजून रात्रीतून उतरत असतील तर बहुधा बसून राहिल्याची सूज आहे. एकाच पोटरीत दुखणं, गरमपणा, सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत धाप किंवा छातीत दुखत असेल तर थेट इस्पितळ, कारण पायातली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली दिलेल्या हिशेबाप्रमाणे चार तासांहून लांबच्या प्रवासाने गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. तरी निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच राहतो. पण थोड्या दिवसांत लागोपाठ प्रवास झाले की तो वाढतो, आणि यजमानांचं नेमकं तेच चाललंय. म्हणून एकदा तपासणी करून घ्याच. घरात कुणाला गुठळी झाली होती का, वजन, रक्तदाब, हे सगळं डॉक्टरांना सांगा. दाब देणारे मोजे घ्यायचे तर माप घेऊन; गुडघ्यामागे काचणारा मोजा उलटा त्रास देतो. जागा मार्गिकेजवळची घ्यावी, म्हणजे शेजाऱ्याला न उठवता उठता येतं.

पहिल्यांदाच परदेशी साइटवर जातेय. बॅगेत काय न्यावं हे सगळे सांगतात. काय नेऊ नये?
– शिकाऊ डिझायनर, पणजी

खुणा करायचा स्प्रे पेंट नेऊ नका. ज्वालाग्राही म्हणून काढून घेतात. साइटवर फक्की मिळते. बॅटऱ्या केबिन बॅगेतच, १०० वॉट-तासांपर्यंत. १०० ते १६०मधल्या सुट्या बॅटऱ्या दोनच आणि विमान कंपनीला विचारून. ड्रोन नको, तिथल्याच सर्व्हेअरचा वापरा. उलट दिशेचंही सांगून ठेवतो: परदेशी सहकारी भारतात येताना तयार ड्रोन आणणार असेल तर त्याला आधीच थांबवा, फेब्रुवारी २०२२पासून आयातीवर बंदी आहे. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी ट्रॅकर यंत्रंही दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय इथे आणता येत नाहीत. डोंगरात हिंडायची सवय असलेल्यांच्या बॅगेत ते ट्रॅकर हमखास असतात.

मातीचे नमुने खिशात घालून परतू नका, भारतात माती आणायला परवाना लागतो. चाचणी त्या देशातल्या प्रयोगशाळेत करून आकडे मागवा. गवताच्या कांड्यांचंही तेच.

शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा) हिशेब वहीत ठेवा: कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि पोचल्याचा व निघाल्याचा दिवस दोन्ही धरतात. पासपोर्ट नवा काढताना ६० पानी मागा.

बूट मात्र स्वतःचेच न्या, पण निघायच्या आदल्या दिवशी तळव्याच्या खाचा जुन्या टूथब्रशने घासून, धुऊन, वाळवून. न्यूझीलंडला आणि ऑस्ट्रेलियाला उतरताना अर्जावर ‘मातीत वापरलेले बूट आहेत’ असं लिहा. लिहिलं तर ते बघतात, फार तर धुऊन देतात. लपवलं आणि सापडलं, तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० डॉलर दंड.