हॉट रॉड बांधा, पण ४०१ के ला हात लावू नका

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही ४४ वर्षांचे. डेट्रॉइटजवळ ट्रॉयमध्ये राहता आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहात. मुलगी नववीत आहे, मुलगा चौथीत, आईवडील नाशिकला. घरचा महिन्याचा खर्च साधारण ७,००० डॉलर, सगळं भागून हातात १,४०० उरतात, आणि अडीच महिने निघतील एवढे पैसे अडीनडीसाठी वेगळे ठेवलेले आहेत. तुम्हाला घरच्या गॅरेजमध्ये १९३२ च्या फोर्ड रोडस्टरच्या (उघड्या टपाच्या दोन सीटच्या गाडीच्या) धर्तीची हॉट रॉड, म्हणजे जुन्या घाटाची पण जास्त ताकदीचं इंजिन बसवलेली गाडी, स्वतः बांधायची आहे. अंदाज ४५,००० डॉलरचा. ते पैसे ४०१ के मधून, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या निवृत्तीच्या बचत खात्यातून, कर्जाऊ काढायचे, कारण ‘व्याज आपलंच आपल्याला मिळतं’ आणि तयार झालेली गाडी ही ‘गुंतवणूकच आहे’. वहिनींना यातलं काहीच पटत नाहीये.

माझं मत असं: गाडी जरूर बांधा, पण कर्ज काढून नको. आणि तिला गुंतवणूक म्हणू नका. ती हौस आहे आणि तुमच्या घराला परवडणारी हौस आहे. तिला वेगळं नाव द्यायची गरज नाही.

कर्जाचं आधी पाहू. ४०१ के मधून तुमच्या हक्काच्या रकमेच्या निम्मे किंवा ५०,००० डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढं काढता येतं आणि ते पाच वर्षांत फेडायचं असतं. व्याज साडेआठ टक्के धरलं तर ४५,००० चा हप्ता महिन्याला ९२५ डॉलरच्या आसपास बसेल. आता हेच ९०० डॉलर तुम्ही नुसते बाजूला टाकत गेलात, तर ५० महिन्यांत ४५,००० जमतात. म्हणजे फेडायला पाच वर्षं आणि साठवायला चार वर्षं दोन महिने. मग कर्ज काढून मिळालं काय? फक्त पैसे आधी हातात आले. आणि शनिवार-रविवार काम करून कोरी हॉट रॉड उभी करायला नोकरदार माणसाला तीन-चार वर्षं सहज लागतात. चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, ब्रेक आणि स्टिअरिंग बसवत असताना रंगाचे पैसे खात्यात असून उपयोग नसतो. गॅरेजमधलं काम तुमच्या बचतीच्याच गतीने पुढे सरकणार आहे.

व्याज आपल्याच खात्यात जातं हे खरं. पण ते कर भरून उरलेल्या पगारातून जातं, आणि काढलेली रक्कम तेवढा काळ बाजारात नसते. ती वाढ गमावणं हीच या कर्जाची खरी किंमत.

मला याहून जास्त काळजी तुमच्या नोकरीची वाटते. नोकरी सुटली तर राहिलेलं कर्ज सहसा त्या वर्षाचं टॅक्स रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत फेडावं लागतं, नाहीतर ती रक्कम उत्पन्न धरली जाते. समजा दोन वर्षांनी असं झालं. तेव्हा २९,००० च्या आसपास बाकी असेल. त्यावर फेडरल २२ टक्के, मिशिगनचा सव्वाचार टक्के आणि वय साडेएकोणसाठच्या आत म्हणून १० टक्के दंड. साधारण साडेदहा हजार डॉलर गेले, तेही पगार बंद असताना. २००९ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स महिन्याभराच्या अंतराने दिवाळखोरीत गेल्या आणि त्या वर्षी मिशिगनची बेकारी देशात सर्वांत जास्त होती. सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांना तेव्हा काय सोसावं लागलं, हे तुमच्या ऑफिसातले जुने लोक मला सांगता येईल त्याहून चांगलं सांगतील. तुमचा पगार, तुमच्या घराची किंमत आणि उद्या गाडीला मिळू शकणारं गिऱ्हाईक, तिन्ही एकाच धंद्याच्या तब्येतीवर अवलंबून आहेत. त्यात निवृत्तीचे पैसेही गुंतवू नका. घरावर कर्ज काढायचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा. ते पैसे घरासाठी वापरले नाहीत तर व्याजावर करात सवलत मिळत नाही.

आता ‘गुंतवणूक’. ऑटोरामाला, म्हणजे डेट्रॉइटच्या हॉट रॉडच्या प्रदर्शनात, तुम्ही पाहिलेल्या ६०-७० हजारांच्या गाड्या नावाजलेल्या कारागिरांच्या असतात. घरी बांधलेली गाडी, कितीही मन लावून केलेली असली, तरी बहुतेक वेळा नुसत्या पार्टच्या किमतीलाही जात नाही. तुमच्या कष्टांचे पैसे तर कोणी धरतच नाही. फक्त हॉट रॉड चालवायची असती तर दुसऱ्याने बांधलेली घ्या म्हटलं असतं, स्वस्त पडते. शिवाय नफा झाला तर त्यावर कर आहे आणि स्वतःच्या वापरातली गाडी तोट्यात विकली तर तो तोटा करात दाखवता येत नाही.

सर्वांत वाईट भाव अर्धवट गाडीला येतो. जोत्यापर्यंत बांधून पैसे संपलेल्या घरासारखी तिची गत होते: ज्याने बांधायला घेतली त्यालाच तिची किंमत कळते. म्हणून मी एकूण खर्चापेक्षा क्रमाकडे जास्त पाहते. आधी चॅसिस, ॲक्सल, ब्रेक, स्टिअरिंग. चाकांवर उभी असलेली चॅसिस विकायची वेळ आली तर घेणारा मिळतो. मग बॉडी. इंजिन त्यानंतर. पुष्कळ जण चकचकीत इंजिन आधी घेतात आणि ते दोन वर्षं प्लॅस्टिकखाली पडून राहतं. वॉरंटी खरेदीपासून मोजतात की बसवल्यापासून, हे पैसे देण्याआधी विचारा. मग गिअरबॉक्स आणि वायरिंग. मग नुसत्या प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, गाडी रस्त्यावर काढा आणि एक अख्खा उन्हाळा चालवा. रंग, क्रोम आणि गाद्या शेवटी. प्रायमरमधली हॉट रॉड अर्धवट दिसत नाही, ती तिची जुनी परंपराच आहे. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेली पोरं स्वस्तातल्या जुन्या फोर्ड घेऊन, मडगार्ड काढून, कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांवर पळवायची. ३२ च्या फोर्डचं व्ही-८ मुळात ६५ हॉर्सपॉवरचं. त्यातून जास्त ताकद काढायला लागणारा एकेक पार्ट ती पगारातून घेत होती.

तुमच्या यादीत बॉडी, चॅसिस, इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, चाकं आहेत. रंग नाही, गाद्या नाहीत, वायरिंग, काचा, मीटर, नटबोल्ट, वेल्डिंग मशीन, कॉम्प्रेसर, गॅरेजला लागणारी २४० व्होल्टची लाइन, विमा नाही. मी ६०,००० धरते. बॉडी फायबरग्लासची घेताय हे ठीक, नवी स्टीलची या बजेटमध्ये बसत नाही.

पहिलं वर्ष १,४०० पैकी ९०० अडीनडीच्या निधीत टाका. वर्षअखेर तो चार महिन्यांवर येईल, आणि नाशिकहून अचानक फोन आला तर तिकिटासाठी कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. उरलेल्या ५०० मधून ६,००० जमतील. त्यात कम्युनिटी कॉलेजचा वेल्डिंगचा कोर्स, हत्यारं आणि वीज एवढंच करा. दुसऱ्या वर्षापासून उलटं: गाडीला ९००, निधीला ५००. या हिशेबाने साधारण चार वर्षं आठ महिन्यांत ४५,००० जातील आणि गाडी प्रायमरमध्ये चालती असेल. रंग-गाद्यांचे १५,००० त्यानंतर. बोनस आला तर निम्मा मुलीच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) टाका, कारण ती कॉलेजला जायला चारच वर्षं आहेत, आणि निम्मा गाडीला. स्टिअरिंग आणि ब्रेकजवळचं वेल्डिंग मात्र शिकलेल्या व्यावसायिकाकडूनच करून घ्या. तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

वहिनींना पत्र दाखवा. त्यांचा विरोध गाडीला आहे की कर्जाला, हे तुमच्या पत्रावरून मला कळलं नाही, आणि ते तुम्ही त्यांना विचारायला हवं. दोघांनी बसून दोन गोष्टी कागदावर लिहा: महिन्याला गाडीसाठी जास्तीत जास्त किती, आणि काय झालं तर खरेदी थांबवायची. तुमच्या कंपनीत कपातीची बातमी आली, किंवा निधी चार महिन्यांच्या खाली गेला, की पार्ट मागवणं बंद. हातातलं काम चालू ठेवा, त्याला पैसे लागत नाहीत.

पहिला पार्ट घेण्याआधी दोन फोन करा. एक घराच्या विमा एजंटला: गॅरेज घराला जोडलेलं आहे, आत वेल्डिंग होणार आहे, आणि घराच्या पॉलिसीत मोटारगाडी व तिचे भाग सहसा धरत नाहीत. बांधकाम चालू असलेल्या गाडीची वेगळी पॉलिसी मिळते. गाडी तयार झाल्यावर, जिच्यात गाडीची किंमत विमा कंपनीशी आधीच ठरवलेली असते अशी पॉलिसी घ्या. दुसरा फोन सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसला, मिशिगनमध्ये गाड्यांची नोंदणी तिथेच होते: सुट्या भागांतून जोडलेल्या गाडीला टायटल (मालकीचा सरकारी कागद) मिळवायला पोलिसांची तपासणी आणि मुख्य भागांच्या मालकीचे कागद लागतात. बॉडी आणि चॅसिस घेताना उत्पादकाचं ‘सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’ मागा, आणि सेल्स टॅक्स भरल्याच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका फाईलमध्ये ठेवा. कागद नसलेली चॅसिस कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.