२,९०० चा सायलेन्सर खरंच स्वस्त पडतो का?

रत्नागिरीहून एका वाचकाने विचारलं आहे: औषधांच्या दुकानात नोकरी, पगार २४,००० रुपये, घरखर्च १७,००० च्या आसपास. २०१८ ची १५० सीसी मोटारसायकल, कर्ज फिटलेलं. सायलेन्सरला खालून गंज लागून भोक पडलं आहे. कंपनीचा सायलेन्सर ६,८०० आणि बसवायची मजुरी ५०० सांगितली. ऑनलाइन स्टेनलेस स्टीलचा ‘स्पोर्ट्स’ सायलेन्सर २,९०० ला मिळतो, आवाज दमदार आहे, व्हिडिओ बघून घरीच बसवता येईल. बँकेत ३८,००० आहेत, ३,००० ची आरडी चालू आहे. आरडी मोडू, की सहा हप्त्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ?

आरडी मोडू नका आणि ईएमआयही नको. पण त्याआधी, तो २,९०० चा सायलेन्सरच घेऊ नका असं मी सांगणार आहे. का ते नीट मांडतो, कारण ४,४०० रुपये वाचवायची तुमची धडपड मला पूर्ण पटते. महिन्याला हातात चारच हजार उरतात तिथे ही रक्कम लहान नाही.

तुम्ही ७,३०० आणि २,९०० हे दोन आकडे शेजारी ठेवलेत. त्यात तिसरा आकडा धरला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए प्रमाणे गाडीत परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९० खाली १०,००० पर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र, अशीही तरतूद आहे. चौकात प्रत्यक्ष किती भरावे लागतील ते बाजूला ठेवू. सायलेन्सर मात्र जागेवर उतरवून घेतात. पुण्यात, नागपुरात असे जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवला आहे. तसं झालं तर तुमचे २,९०० गेले आणि कंपनीचा सायलेन्सर घ्यावाच लागला. म्हणजे १०,२००, आणि यात दंड अजून धरलेला नाही.

आवाजाबद्दल स्पष्ट बोलतो. तुमच्या गाडीच्या गटाला, म्हणजे ८० ते १७५ सीसीला, चाचणीत ७७ डेसिबलची मर्यादा आहे. मूळ सायलेन्सरच्या आत पडदे आणि नळ्या असतात, आवाज त्यात अडतो. ‘स्पोर्ट्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त डब्यांत नुसती भोकांची नळी आणि भोवती ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस. वूल जळत गेलं की आवाज आणखी वाढतो. तुम्ही औषधांच्या दुकानात उभे असता. रात्री फटफट करत जाणारी गाडी आजारी माणसाला कशी लागते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असेल?

शिवाय धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कित्येक मोटारसायकलींत एक्झॉस्टच्या याच भागात बसवलेला असतो. तो गेला की पीयूसीला अडचण. विमा फुल असेल तर न कळवता केलेल्या बदलामुळे अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या भरपाईत विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

आता तुम्ही न विचारलेला तिसरा पर्याय, आणि माझ्या मते पहिला हाच करून बघावा. गाडी थंड असताना भोकाच्या आजूबाजूला स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोर देऊन टोचून बघा. पत्रा टणक लागला, टोक आत रुतलं नाही, तर भोक तेवढ्यापुरतंच आहे. मग सायलेन्सरवर लाकडाने ठोका. आत काही खुळखुळलं तर पडदे सुटले आहेत, तिथे खर्च करू नका. नाही खुळखुळलं तर गॅस वेल्डिंगवाल्याकडून पट्टी मारून घ्या. साधं आर्क वेल्डिंग पातळ पत्रा जाळतं, म्हणून गॅसच सांगा. खाली पाणी निथळायला बारीक छिद्र असेल तर ते बुजवू देऊ नका. काही शे रुपयांत काम होईल आणि पावसाळा निघेल.

या महिन्यापासून सायलेन्सरसाठी १,२५० रुपये वेगळे काढायला लागा. सहा महिन्यांत ७,५०० होतात. दिवाळीनंतर कंपनीचा सायलेन्सर मजुरीसकट रोखीने येईल आणि ३८,००० ना हातही लागणार नाही.

आतले पडदे सुटले असतील किंवा पत्रा सगळीकडेच पिठासारखा झाला असेल तर थांबू नका, बँकेतल्या शिलकेतून कंपनीचा सायलेन्सर आणा. ३०,७०० उरतील. पावणेदोन महिन्यांचा घरखर्च, थोडा कमी आहे, पण तेच १,२५० दरमहा परत भरत गेलात तर सहा महिन्यांत खड्डा बुजतो. मूळ घडणीचाच, तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला आणि आत कन्व्हर्टर असलेला दुसऱ्या कारखान्याचा सायलेन्सर पक्क्या बिलावर स्वस्त मिळाला तर तोही चालेल. माझा विरोध ‘स्पोर्ट्स’ला आहे.

नो कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट किमतीत दाखवतो, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी तुमच्या माथी येते. रक्कम लहान असली की ती फीच जड जाते.

घरी बसवण्याबद्दल. आमच्या घरी जुनी दोन स्ट्रोकची स्कूटर होती. वर्षातून एकदा वडील सायलेन्सर काढून अंगणात विस्तवावर भाजायचे, आतली काजळी जळून डबा मोकळा व्हायचा. एका वर्षी गंजलेला नट त्यांनी घाईत फिरवला आणि स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो ती आट्यांची सळी, इंजिनातच तुटून राहिला. तो काढायला लेथवाल्याकडे जावं लागलं, आणि त्या महिन्यात घरात दुधाचं माप कमी झालं होतं हे मला अजून आठवतं. म्हणून मागचा क्लॅम्प आणि ब्रॅकेटचा बोल्ट तुम्ही खुशाल खोला, पण इंजिनाकडचे नट इतकी वर्षं खाऱ्या हवेत राहिलेले आहेत. त्यांच्यासाठी ५०० रुपये मेकॅनिकला द्या. तिथलं गॅस्केट, म्हणजे सांध्यातून धूर गळू नये म्हणून बसवलेली चकती, तीही नवीच टाकायला सांगा.

एक शेवटचं. घर ते दुकान तीन किलोमीटर, असं तुम्ही लिहिलं आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. एवढ्या छोट्या फेरीत सायलेन्सर पुरता तापतच नाही, ती वाफ आतच पाणी होऊन साचते आणि पत्रा आतून सडतो. समुद्राची हवा बाहेरून खाते ती वेगळीच. आठवड्यातून एकदा गाडी रत्नागिरीबाहेरच्या हातखंबा गावापर्यंत नेऊन आणा, आणि पावसात भिजलेली गाडी गोड्या पाण्याने धुऊन पुसा. त्या फेरीला लिटरभराच्या आतच पेट्रोल लागेल.