नावात चहा, वाडग्यात फासळ्या

प्रश्न : स. न. वि. वि. नोकरीच्या निमित्ताने आम्ही चार वर्षे सिंगापूरला होतो. बालेस्टियर रस्त्यावरच्या एका जुन्या खानावळीत आम्ही दर रविवारी सकाळी डुकराच्या फासळ्यांचे सूप, म्हणजे बाक कुट तेह, प्यायला जात असू. सर्दी-पडसे असो की घरची आठवण, त्या वाडग्याने जिवाला बरे वाटे. पुण्याला परतल्यावर तिथूनच आणलेले मसाल्याचे पाकीट वापरून मी दोनदा ते सूप केले. दोन्ही वेळा ते काळपट झाले आणि त्याला काढ्यासारखा वास आला. माझे काय चुकते? आणि चहाचा थेंबही नसलेल्या सूपला ‘तेह’ का म्हणतात?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण आणलेले पाकीट बहुधा दुसऱ्याच सूपचे आहे. बाक कुट तेह या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या प्रकृतीची सूपे नांदतात. मलेशियातील क्लांग शहरात रूढ असलेल्या होक्कियन (दक्षिण चीनमधून आलेल्या एका चिनी समाजाच्या) पद्धतीत चक्रीफूल, दालचिनी, लवंग यांच्या जोडीला दांग ग्वेईसारख्या चिनी औषधी मुळ्या आणि काळा सोया सॉस पडतो, त्यामुळे ते सूप गडद दिसते आणि त्याला काढ्याचा वास येतो. क्लांगकरांना तो वासच प्रिय आहे. सिंगापूरमध्ये अधिक दिसते ती तेओच्यू या दुसऱ्या दक्षिण चिनी समाजाची पद्धत. तिच्यात पांढरी मिरी आणि लसूण यांचेच राज्य असते आणि सूप इतके फिकट असते की वाडग्याचा तळ दिसावा. आपल्या रविवारच्या वाडग्यात बहुधा हेच दुसरे सूप असावे.

आता नावाविषयी. होक्कियन बोलीत ‘बाक’ म्हणजे मांस, ‘कुट’ म्हणजे हाड आणि ‘तेह’ म्हणजे चहा. सूपमध्ये चहा नसला तरी सूपबरोबर तो हवाच, अशी तिथली रीत आहे. लहानशा किटलीत कडक चिनी चहा मुरवून अंगठ्याएवढ्या पेल्यांतून घोट घोट घेतात आणि त्याने मांसाची चरबी जड होत नाही असे मानतात. क्लांगमध्ये मात्र या पदार्थाच्या एका जुन्या विक्रेत्याच्या नावातच ‘तेह’ होते, अशीही कथा सांगतात. बंदरावरचे हमाल पहाटे अंगमेहनतीआधी हे सूप पीत, ही गोष्ट दोन्हीकडे ऐकायला मिळते, आणि पदार्थ मूळ कोणाचा यावरून दोन्ही देशांत गोड भांडण चालूच असते. मलेशियाने 2024 मध्ये त्याला राष्ट्रीय वारशाच्या यादीत बसवले, पण त्यामुळे सिंगापूरकरांनी हट्ट सोडला असेल असे मला वाटत नाही.

घरी करताना पाकीट बाजूला ठेवावे. एक किलो फासळ्या, शक्यतो जाड आणि हाडाला भरपूर मांस असलेल्या, उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटे घालाव्यात. जो करडा फेस वर येतो तो पाण्यासकट फेकून द्यावा आणि फासळ्या स्वच्छ धुवाव्यात. ही पायरी गाळली की सूप गढूळ होते, मग पुढे कितीही गाळले तरी उपयोग नसतो. नंतर अडीच लिटर ताज्या पाण्यात त्या फासळ्या, न सोललेल्या लसणाचे दोन-तीन अख्खे गड्डे आणि दोन मोठे चमचे पांढरी मिरी घालावी. मिरी तव्यावर किंचित भाजून, जाडसर ठेचून, मलमलच्या पुरचुंडीत बांधावी. तिची तयार पूड घेऊ नये, कारण पूड करून ठेवलेल्या मिरीचा सुगंध लवकर उडतो आणि नुसता तिखटपणा उरतो. मलेशियातील सारावाकची मिरी मिळाली तर उत्तम, नाहीतर केरळची चालते. पाणी एकदा उकळले की आच इतकी मंद करावी की वर फक्त अधूनमधून बुडबुडा यावा. खळखळून उकळी दिली की चरबी पाण्यात फेटली जाते आणि रस पांढरट होतो. दीड तासात मांस हाडावरून सुटण्याच्या बेतात येते, सुटून पडत नाही, आणि तिथेच थांबावे. मीठ आणि थोडा पातळ सोया सॉस अखेरीस घालावा. कुकर लावून वेळ वाचवू पाहणाऱ्यांना एवढेच सांगतो की त्यात मांसाचा भुगा होतो आणि पाया सूपची आठवण येऊ लागते, जे वाईट नाही, पण हे ते नव्हे.

सोबत वाफाळता भात, काळ्या सोया सॉसमध्ये चिरलेली लाल मिरची आणि सूपमध्ये बुडवायला यू चार क्वे ही तळलेल्या पिठाची लांबट कांडी असते. पुण्यात ती न मिळाल्यास कडक ब्रुन पाव चालतो. मऊ लादी पाव सूप पिऊन लगदा होतो. एक गोष्ट मात्र घरी जमवणे अवघड आहे: सिंगापूरच्या अनेक खानावळींत वाडगा रिकामा होऊ लागला की वाढपी मोठी किटली घेऊन येतो आणि न विचारता पुन्हा गरम सूप ओततो, त्याचे पैसे लावत नाही. म्हणून घरी पाणी अडीच लिटरच घ्या, कमी नको.

प्रश्न : आम्ही लवकरच क्वालालंपूरला जाणार आहोत. घरातील दोघे जण डुकराचे मांस खात नाहीत. त्यांनी काय घ्यावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कोंबडीची ‘चिक कुट तेह’ मागावी, मसाला तोच असतो. शाकाहारी चिनी खानावळींत अळंबी आणि टोफूचे सूपही मिळते. नेहमीच्या दुकानात मात्र कोंबडी वेगळ्या भांड्यात शिजवतात का, हे आधी विचारून घ्यावे. तिथेच मिळणारा ‘कोरडा’ प्रकार, ज्यात सुकी मिरची आणि चक्क भेंडी असते, तो पाहून हात पुढे गेला तर आवरावा, कारण त्यातही मांस डुकराचेच असते.