मासे खाऊन दूध प्यायलं म्हणून कोड आलं का?

कोडाचे डाग घेऊन येणारं जवळजवळ प्रत्येक घर मला हे विचारतं. रोज हुमण-भात जेवणाऱ्या गोव्यात तर संशय आधी मासळीवरच जातो.

डिचोलीकडची एक आई आठवीतल्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या कोपरांवर, बोटांवर आणि ओठाच्या कडेला दुधासारखे पांढरे डाग. आईनं मासळी, दूध, आंबट सगळं बंद केलेलं. त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेलं मलम मात्र तसंच पडून होतं. पहिल्या भेटींत मुलगी बोललीच नाही.

मग मी आईला विचारलं, "ताई, घरात मासे आणि दूध कोण कोण खायचं?"

"सगळीच."

"मग डाग हिला एकटीलाच कसे?"

आई विचारात पडली. मुलगी हळूच म्हणाली, "आजी नको म्हणत होती, तरी मी बांगडा खाऊन आइस्क्रीम खाल्लेलं. त्यामुळं नाही ना झालं?"

गाठ इथं होती. आपण केलं ते आपणच भोगायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. मग मलम लावणार कशाला? मुलाच्या मनातला अपराध आधी उतरवावा लागतो, उपचार त्यानंतरच नेटानं होतात, हे माझं ठाम मत आहे. त्या दिवसापासून तिनं मलम चुकवलं नाही.

मासे-दुधानं कोड येत नाही. कोडात शरीराची संरक्षणयंत्रणा रंग तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते. ते स्पर्शानं लागत नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात बधिरपणा येतो, कोडाच्या डागात संवेदना शाबूत असते. डॉक्टर वूड्स दिव्याखाली, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली, डाग तपासतात, बऱ्याचदा थायरॉइडची रक्ततपासणीही सांगतात. मलमासोबत अतिनील किरणांचे उपचार लागले, तर ते आठवड्यातून 2-3 वेळा, कित्येक महिने चालतात. रंग बहुधा केसांच्या मुळाशी ठिपक्याठिपक्यांनी परततो. चेहरा लवकर दाद देतो; बोटांची टोकं, ओठ आणि केस पांढरे झालेले डाग चिवट असतात. पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडून देणं ही सर्वांत मोठी चूक.

बावचीचं तेल लावून उन्हात बसवू नका, फोड येतात. डाग घासू नका. खरचटलं तिथं नवा डाग उठू शकतो. उघड्या डागांवर 30 किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन लावा. आणि रोज आरशासमोर उभं करून मुलीचे डाग मोजण्यापेक्षा महिन्यातून एकदा, त्याच उजेडात फोटो काढा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.