शुक्राचा खरा रंग कोणता?

प्रश्न: शुक्राचे फोटो कुठे नारिंगी, कुठे निळ्या-तपकिरी पट्ट्यांचे, तर कुठे नुसते पांढरे असतात. खरा कोणता? शिवाय माझ्या दुर्बिणीतून काढलेल्या फोटोत क्षितिजाकडच्या कडेला लाल आणि वरच्या कडेला निळी किनार का येते?

उत्तर: खऱ्याच्या सर्वांत जवळचा तो पांढरा, त्यात किंचित पिवळी झाक. शुक्रावर साधारण 48 ते 70 किलोमीटर उंचीवर सल्फ्युरिक आम्लाच्या थेंबांचे ढग आहेत. पडलेल्या उन्हापैकी जवळपास तीन-चतुर्थांश ते परत फेकतात, पण निळा प्रकाश जरा कमी परततो. पिवळी झाक त्यामुळेच.

पट्टे ढगांतलेच आहेत, मात्र ते ठळक दिसतात अतिनील प्रकाशात. 1974 साली मरिनर 10 यानाने ते टिपले. निळा-तपकिरी रंग मागाहून चढवला.

नारिंगी चित्र तर ढगांचे नव्हेच. मॅगेलन यानाने 1990 ते 1994 या काळात रडारने ढगांखालची जमीन पाहिली. रडारला रंग कळत नाही. बहुतेक ठिकाणी खडबडीत जागा उजळ येते आणि सपाट जागा काळी. नारिंगी छटा घेतली ती 1982 मध्ये तिथे उतरलेल्या व्हेनेरा 13 आणि 14 यांच्या फोटोंवरून. तिथला उजेड खरोखर नारिंगी आहे, कारण दाट हवा निळा प्रकाश जमिनीपर्यंत येऊ देत नाही. तेच दगड पांढऱ्या उजेडात धरले तर करडे दिसतील.

आता किनारीबद्दल. दोष शुक्राचा नाही, बहुधा दुर्बिणीचाही नाही. आपली हवा निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वाकवते आणि ग्रह क्षितिजाजवळ असला की हे वाढते. म्हणून सूर्य मावळताच, शुक्र उंच असताना फोटो घ्या. सूर्य वर असताना दुर्बीण फिरवून शुक्र शोधू नका. चुकून सूर्य समोर आला तर डोळा जाईल. व्हिडिओ घेऊन स्टॅक करताना, म्हणजे त्यातल्या अनेक चौकटी एकावर एक रचून एक फोटो बनवताना, लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल (रंगांचे थर) वेगवेगळे जुळवा. उरलेली किनार बरीचशी जाते.

एक्स्पोजर (कॅमेरा प्रकाश घेतो तो वेळ) इतके कमी ठेवा की हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, 70 टक्क्यांच्या पुढे जाणार नाही. त्याहून फार पुढे गेला तर तिन्ही चॅनेल भरतात आणि पिवळी झाक पुसली जाते. ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरा कोणता हे कॅमेऱ्यानेच ठरवणे) बंदच ठेवा, तो ग्रहालाच पांढरा ठरवतो. त्याऐवजी सूर्याच्या जातीचा, म्हणजे जी2 वर्गाचा तारा आकाशात शुक्राइतक्याच उंचीवर असताना त्याच कॅमेऱ्याने घ्या, तो पांढरा येईल असे चॅनेलचे प्रमाण ठरवा आणि तेच प्रमाण शुक्राला लावा. तारा खाली आणि शुक्र वर असेल तर प्रमाण चुकते आणि शुक्र निळसर येतो.