टांकसाळीतली चूक की नंतरचा मार?

'माझं नाणं टांकसाळीत चुकून वेगळं छापलं गेलंय का, म्हणजे दुर्मीळ आहे का?' असं विचारत वाचकांनी पाठवलेल्या फोटोंचा ढीग साचलाय, म्हणून आज एकदमच उत्तरं देतो. निम्म्या मंडळींना ती आवडणार नाहीत, याची कल्पना आहे.

प्रश्न (सांगली): दहा रुपयांच्या नाण्यावर पिवळ्या कडीवरचं 'भारत' सरळ धरलं की मधला सिंहस्तंभ तिरपा दिसतो. दुर्मीळ आहे ना?

उत्तर: नाही. मधली चकती आधी कडीत ठेवतात आणि मग दोन्ही साचे दाबले जातात. त्याच दाबाने ठसा उमटतो, त्याच दाबाने चकती कडीत घट्ट बसते. एका फटक्यात उमटलेली चित्रं एकमेकांशी वाकडी होतील कशी? चकती नंतर सैल झाली असणार, नाहीतर कुणीतरी ठोकून काढून परत बसवली असणार. साचाच फिरला असता तर अख्खी एक बाजू तिरपी आली असती, कडीसकट. ते तपासायचं असेल तर नाणं वहीच्या पानासारखं उलटा. आपल्या नाण्यांची दुसरी बाजूही सरळच यायला हवी.

प्रश्न (पुणे): 1 रुपयाच्या नाण्यावर एका बाजूला आरशात दिसावीत तशी उलटी, खोल गेलेली अक्षरं आहेत.

उत्तर: हा प्रश्न आला की मी चष्मा पुसून बसतो. याला संग्राहक ब्रॉकेज म्हणतात. छापलेलं नाणं बाहेर न पडता एका साच्याला चिकटून राहतं, खाली नवी कोरी चकती येते आणि ते अडकलेलं नाणंच साच्याचं काम करतं. त्यामुळे खऱ्या ब्रॉकेजमध्ये दोन्हीकडे एकच चित्र असतं: एका बाजूला नेहमीसारखं उठावदार, दुसऱ्या बाजूला तेच उलटं आणि खोल. अडकलेल्या नाण्यावर फटके बसत गेले की ते पसरतं, मग पुढच्या चकत्यांवरचा ठसा मोठा आणि पुसट होत जातो.

नकली 'ब्रॉकेज' करायला दोन नाणी आणि एक व्हाइस (वस्तू आवळून धरायचा शिकंजा) पुरते. म्हणून भिंग घ्या आणि उलट्या अक्षरांच्या खाली पाहा. तिथे मूळच्या आकड्याचे चेपलेले अवशेष दिसले तर विषय संपला, कारण खऱ्यात त्या बाजूला साचा पोहोचलेलाच नसतो. तुमच्या फोटोत मला 1 चा आकडा स्पष्ट दिसतोय. वाईट वाटून घेऊ नका. लहानपणी आम्हीही रुळावर पैसे ठेवून असले 'दुर्मीळ' नमुने तयार केले आहेत.

प्रश्न (कोल्हापूर): पाच रुपयांच्या जुन्या जाड नाण्याचा कडेचा तुकडा चंद्रकोरीसारखा गायब आहे. सोनाराच्या काट्यावर वजन 8 ग्रॅम भरलं.

उत्तर: ते नाणं 9 ग्रॅमचं. पण वजन कानस मारूनही घटतं, त्यामुळे एवढ्यावर निकाल लागत नाही. पत्र्यातून चकत्या कापताना पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, तर आधीच्या भोकावरच पुन्हा काप पडतो आणि चकती अशी चंद्रकोर घेऊन निघते. पुढे कडा उचलायच्या यंत्रात खाचेच्या बाजूला दाब मिळत नाही, म्हणून बरोबर समोरची कडही कच्ची राहते. याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. शिवाय खाचेजवळची अक्षरं खाचेकडे ओढल्यासारखी होतात. कानशीने कापलेली अक्षरं सुरीने चिरल्यासारखी तुटतात. तुम्ही फोटो फक्त खाचेचा पाठवलाय. समोरच्या कडेचा पाठवा, तिच्यावर सगळं अवलंबून आहे.

प्रश्न (ठाणे): 2 रुपयांचं 2012 चं नाणं तांब्याच्या रंगाचं. चुकीच्या धातूवर छापलं गेलं का?

उत्तर: तुम्हीच लिहिलंय की ते 4.85 ग्रॅम भरतं आणि चुंबकाला चिकटतं. म्हणजे नेहमीचं पोलाद, वर मुलामा. नाहीतर आगीत तापलेलं.

प्रश्न (लातूर): सालाखाली बारीक टिंब आहे.

उत्तर: नोएडाच्या टांकसाळीची खूण आहे ती. पत्त्यातल्या चौकटसारखी खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, काहीच नसेल तर कोलकाता.

प्रश्न (नागपूर): नाणं तीन लाखांना घेतो, पण आधी रिझर्व्ह बँकेचं शुल्क भरा, असा फोन आलाय.

उत्तर: भरू नका. जुनी नाणी-नोटा घेण्या-विकण्याशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क आपण मागत नाही, असं बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं आहे.

प्रश्न (चिपळूण): नाणं चिंचेने घासून लख्ख करून फोटो पाठवू का?

उत्तर: नको हो! मी जे शोधतो ते घासण्यातच जातं. आहे तसंच, मळकं पाठवा.